‘कर्करोगनाशक’ : एका विशेषणाची चिकित्सा

विदर्भातील पानझडी अरण्यांत बिब्ब्याचे झाड सर्वपरिचित आहे. परटाने कपड्यांवर घातलेल्या खुणेपासून हिवाळ्यातल्या लाडवांत पडणाऱ्या गोडंबीपर्यंत नागपूरकडील घरांशी त्याचा संबंध जुना आहे. गेल्या काही दशकांत याच बिब्ब्याच्या अर्काची कर्करोगाच्या पेशींवर व प्रयोगशाळेतील उंदरांवर परीक्षणे झाली. अशा परीक्षणांविषयी मराठीत लिहिताना ‘बिब्बा कर्करोगनाशक आहे’ या धर्तीचे विधान सहज केले जाते. हे वाक्य अवघ्या तीन पदांचे असले तरी त्याची तिन्ही पदे चिकित्सेस पात्र आहेत.

प्रथम उद्देश्य. ‘सेमेकार्पस ॲनाकार्डियम’ या नावाने वनस्पतिशास्त्र एकच जाती दाखविते. तथापि ‘बिब्बा’ या शब्दाने झाड, फळ आणि फळाच्या कवचातील दाहक तेल या तिहींचा बोध होतो. ते तेल त्वचेवर फोड आणते. आतील गोडंबी मात्र खाल्ली जाते. आयुर्वेदात बिब्बा विटांच्या चुऱ्यात घोळवून शुद्ध केल्यावरच वापरावयाचा असतो. तेव्हा कोणता भाग घेतला, तो शोधित होता की अशोधित, हे न सांगणाऱ्या वाक्याचे उद्देश्य अपुरेच राहते. ‘अर्क’ या शब्दाने घोटाळा अधिकच वाढतो. वैद्यपरंपरेत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळणारे द्रव. प्रयोगशाळेत तो पाणी, अल्कोहोल वा हेक्झेन यांत उतरलेला अंश होय. द्रावक बदलला की उतरणारी द्रव्येही बदलतात. हे संकट एकट्या बिब्ब्याचे नव्हे. सह्याद्रीतील ज्या नरक्यापासून कॅम्प्टोथेसिन वेगळे केल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले, त्याला ‘अमृता’ असेही म्हणतात; आणि संस्कृतात ‘अमृता’ हे गुळवेलीचे नाव आहे.

दुसरे पद विशेषण. ‘कर्करोगनाशक’ या समासात ज्याचा नाश सांगितला आहे तो रोग होय. परंतु प्राथमिक परीक्षणात रोग नसतोच. असतात त्या काचपात्रात वाढविलेल्या पेशी. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमटीटी’ पद्धतीत जिवंत पेशी एका पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. जांभळा रंग फिका आला तर जिवंत पेशी घटल्या, असे अनुमान काढले जाते. हे अनुमानच होय. कारण काही वनस्पतिज द्रव्ये पेशींच्या साह्याविना स्वतःच तो रंग उत्पन्न करतात. शिवाय पुरेशा मात्रेत साधे मीठही पेशी मारते. म्हणून पेशींची वाढ निम्म्यावर आणण्यास किती मात्रा लागली, आणि तेवढ्याच मात्रेने निरोगी पेशींचे काय झाले, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. कच्च्या अर्काबाबत मिलिलिटरमागे साधारणतः २० ते ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा मानली जाते. या दोहोंची उत्तरे नसतील तर ‘पेशीविषारी’ याहून मोठे विशेषण देता येत नाही. त्वचा जाळणाऱ्या बिब्ब्याविषयी तर दुसरा प्रश्न टाळताच येणार नाही.

तिसरे पद ‘आहे’ हे क्रियापद. ते वर्षानुवर्षांचा प्रवास एका क्षणात संपवून टाकते. वनस्पतींतून औषध मिळत नाही, असे म्हणणे अर्थातच चूक ठरेल. सदाफुलीची परीक्षा मधुमेहासाठी चालली असता कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांना उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या आणि त्यातून व्हिन्ब्लास्टीन हाती आले. पॅसिफिक यू वृक्षाची साल १९६२ साली गोळा झाली. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी तिच्यातील टॅक्सॉलची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. औषध म्हणून अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली ती १९९२ साली. या तीस वर्षांच्या अखेरीस रुग्णाला दिली गेली ती झाडाची साल नव्हे, तर मोजून दिलेला एक शुद्ध रेणू. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात लाखाहून अधिक अर्क तपासले. त्यांतून औषधे झाली ती बोटांवर मोजण्याइतकी.

ही चर्चा म्हणजे शब्दच्छल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु नागपूरच्या कर्करोग रुग्णालयांत विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात. त्यांपैकी एखाद्याने ‘नाशक’ हा शब्द प्रमाण मानून शस्त्रक्रिया वा किरणोपचार लांबणीवर टाकले, तर प्रबंधातील सैल विशेषणाची किंमत त्याला मोजावी लागते. ‘बिब्ब्याच्या शोधित फळाच्या अल्कोहोली अर्काने अमुक पेशींची वाढ काचपात्रात अमुक मात्रेस निम्म्यावर आणली, निरोगी पेशींवर त्याच मात्रेचा परिणाम अमुक झाला’ हे वाक्य लांब आणि नीरस वाटेल. तथापि परीक्षणाने जेवढे सिद्ध झाले तेवढेच ते सांगते, आणि पुढच्या अभ्यासकाला ते पडताळून पाहता येते. मराठीत विज्ञान लिहावयाचे तर विद्यार्थ्यांनी अशा वाक्यांचा कंटाळा करून चालणार नाही.