‘एक्स-टू’: पुन्हां पाहतांना

ब्रायन सिंगर-दिग्दर्शित ‘एक्स-टू’ हा बोलपट २००३ सालीं प्रकाशित झाला. २००० सालच्या ‘एक्स-मेन’चा हा पुढील भाग. ‘व्हाइट हाउस’वरील नाइटक्रॉलरच्या हल्ल्याची त्या वेळीं मोठी वाहवा झाली. आज तो आम्हांस केवळ चपळ वाटला. मनांत घर करून राहतो तो बॉबी ड्रेकच्या घरांतील प्रसंग. बॉस्टनमधील सुखवस्तु बिऱ्हाड. समोर आईबाप व धाकटा भाऊ. आणि मुलगा आपण जन्मतः निराळे, ‘म्यूटंट’, असल्याचें कबूल करतो. त्याच्या स्पर्शानें पेल्यांतील चहा गोठतो. आई विचारते, तसें न होण्याचा प्रयत्न करून पाहिलास का? पूर्वीं या प्रश्नावर आम्ही हंसलों होतों. आतां हंसूं आलें नाहीं; कारण त्यांत द्वेष नाहीं, माया आहे, आणि तीच जिव्हारीं लागते. भाऊ तर वर जाऊन पोलिसांस वर्दी देतो!

स्ट्रायकरचें कारस्थान फार लांबतें, हा दोष खराच. परंतु तोहि एक बापच. त्यानें आपल्या ‘म्यूटंट’ मुलाचें, जेसनचें, हत्यार केलें. या दोन घरांतील नातें दिग्दर्शक बोलून दाखवीत नाहीं, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों.