सेवेची भाषा : ‘प्रकाशवाटा’च्या निमित्ताने

दूरदेशी जाऊन काही आठवडे सेवा करून यावे, अशी ओढ हल्ली आपल्या किशोरवयीन मुलामुलींना लागते. ही ओढ हिणवण्याजोगी खचितच नाही. १९५० च्या दशकात परदेशी तरुणांनीही वरोऱ्याला येऊन आनंदवनाच्या इमारतींसाठी घाम गाळला होता. परंतु अर्ज भरण्यापूर्वी अशा मुलाच्या हाती डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९) हे आत्मकथन अवश्य द्यावे.

१९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. भामरागड तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. नागपूरचे शल्यचिकित्सेचे शिक्षण सोडून डॉक्टर तेथे गेले, डॉ. मंदाकिनी सोबत होत्या. औषधे होती, पण रुग्ण येत नव्हते. माडिया भाषा शिकावी लागली, विश्वासाची वाट पाहावी लागली. शाळा सुरू व्हायला १९७६ उजाडले. लेखक हे सारे अलंकारांविना सांगतो, आणि त्या साधेपणातच पुस्तकाचे बळ आहे.

एक उणीव मात्र जाणवते. माडिया माणसे येथे बहुतांशी डॉक्टरांच्या नजरेतूनच दिसतात; त्यांना हे पाहुणे कसे वाटले, ते त्यांच्या तोंडून फारसे कळत नाही. सेवेला निघणाऱ्याने नेमका हाच विचार करावा. ज्यांच्याकडे मी जातो, त्यांची भाषा मला किती येते? मी परतल्यावर त्यांच्यापाशी काय उरेल?

पालकांनी मुलाला अडवू नये. आधी हे पुस्तक वाचू द्यावे, मग सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत पाठवावे. तेथील कष्ट त्याला मानवले, तर दूरच्या प्रवासास संमती देण्यास हरकत नसावी.