ब्लूग्रासच्या आठवणीतले एक गाळलेले नाव

बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’विषयी जुने रसिक बोलू लागले, की गाडी हमखास डिसेंबर १९४५वर येते: अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत आले आणि ब्लूग्रास जन्मले! या आठवणीतले प्रेम खरे आहे; तिला इतिहास म्हणायला मात्र मी तयार नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोलंबिया कंपनीसाठी झालेल्या ध्वनिमुद्रणात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर यांचे अकॉर्डियन आहे. नावात ‘बॉइज’ असलेल्या ताफ्यात एक बाई होती. पुढे या शैलीतून अकॉर्डियन बाद झाले, आणि वाद्याबरोबर वादकही विस्मरणात गेली. मागाहून ठरलेल्या व्याख्येत जे बसत नाही, ते रसिकांची आठवण गाळून टाकते. म्हणून आठवणी जरूर ऐकाव्यात. पण जोडीला तबकडीही ऐकावी.