पसायदानातील यमक आणि क्रियापद

पहिल्या तीन चरणांस यमक, चौथा चरण आखूड व निर्यमक, अक्षरसंख्येस बंधन नाही, एवढेच ग्रंथओवीचे लक्षण सहसा सांगितले जाते. आणि त्यातील शेवटच्या कलमावरून ओवी हा सैल छंद होय, असे ठरविले जाते. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचे पसायदान या निर्णयाच्या आड येते.

प्रचलित पाठात त्याच्या नऊ ओव्यांतील पहिले तीन चरण ७ ते १० अक्षरांचे, तर चौथा ४ ते ६ अक्षरांचा आहे. पाठभेदाने एखादे अक्षर उणेअधिक होईल. परंतु अक्षरे जुळविण्यासाठी पाठ सुधारण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. यमकही वर्णाने काटेकोर नाही. ‘सांडो’ला ‘वाढो’ चालते, ‘सुखीं’ला ‘लोकीं’ चालते. अल्पप्राण-महाप्राण भेद कान सोडून देतो, अंत्य स्वर सोडीत नाही.

मग बंध कशात आहे? यमकस्थानी कोणते पद येते, हे पाहावे. पहिल्या तीन ओव्यांतील नऊ यमकस्थानांपैकी आठ ठिकाणी क्रियापद आहे; ‘देवें’ एवढाच अपवाद. चौथ्या ओवीपासून पुढील अठरा स्थानांत एकही क्रियापद नाही. आरंभी मागणेच यमकात घुमते आणि कर्म वा कर्ता चौथ्या चरणासाठी राखून ठेवला जातो. पुढे सज्जनांचे वर्णन सुरू होताच यमक नामांकडे व विशेषणांकडे जाते आणि क्रियापद बहुधा चौथ्या चरणात उतरते. पाचवी ओवी तर क्रियापदावाचूनच संपते. कल्पतरू, चिंतामणी, अमृताचे समुद्र अशी नामांची रास पडते, पण वाक्य पुरे होत नाही. ते पुरे होते सहाव्या ओवीच्या अखेरीस, ‘होतु’ या पदाशी. ओवी हे स्वयंपूर्ण एकक होय, असे मानून या दोन ओव्यांचा अन्वय वेगवेगळा लावणाऱ्यांची येथे अडचण होते. छंदाची सीमा व वाक्याची सीमा एकच असावी, हा आग्रह या रचनेने धरलेला नाही.

नवव्या ओवीत तिसऱ्या ओवीचा ओकारान्त नाद परत येतो. पण ‘जावो’मधील ओकार आज्ञार्थाचा, तर ‘ज्ञानदेवो’मधील प्रथमेचा. मागण्याचा प्रत्यय ज्या स्वराने उमटला, त्याच स्वरावर मागणाऱ्याचे नाव येऊन थांबते. क्रियापदांचा काळही येथे पालटतो: दुसऱ्या चरणात ‘होईल’ हा भविष्यकाळ, चौथ्यात ‘जाला’ हा भूतकाळ.