परतीचे दोर

‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की तो वापरताना कोणाच्याही डोळ्यांपुढे दोर येत नाही. नोकरी सोडून धंद्यात पडणारा परतीचे दोर कापतो, पक्ष सोडणारा पुढारी कापतो, घरच्यांशी भांडून लग्न करणारी मुलगीही कापते. पण एका प्रकारच्या लेखनात हा वाक्प्रचार खऱ्याखुऱ्या दोरांच्या शेजारी येऊन बसतो आणि तिथे तो खटकतो. कडे, सुळके आणि हिमशिखरे चढणाऱ्यांनी लिहिलेले अनुभवपर लेख मी गेली बरीच वर्षे कात्रणे काढून जमवतो आहे. ज्याचा जीव दोरावर आहे, तोच दोर कापण्याचे कौतुक लिहितो, हे या कात्रणांत इतक्या वेळा आढळते की त्याचा शोध घ्यावासा वाटला.

मी राहतो हिंजवडीत. शुक्रवारी रात्री आयटी पार्कातल्या कचेऱ्या सुटल्या की पाठपिशव्या घेतलेली पोरे चौकाचौकांत बसची वाट पाहत उभी असतात. कोणी हरिहरला निघालेले असते, कोणी कळसूबाईला, कोणी ताम्हिणीकडे. या मुलांपैकी जी पुढे लिहितात, ती कोणत्या भाषेत लिहितात, हा माझा विषय आहे. कारण माणूस कड्यावर वागतो ते काही अंशी त्याने आधी वाचलेल्या वाक्यांप्रमाणे, असे माझे मत आहे.

आधी मूळ दोरांकडे जाऊ. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला. सभासदाची बखर 1697 ची, म्हणजे घटनेनंतर पिढीभराच्या आतली. तीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात आणि सूर्याजी हिंमत धरून उरलेल्या लोकांना सावरतो. घोरपड तिथे नाही, दोर कापणेही नाही. कड्यावरून उड्या टाकून मरतात ते किल्ल्यातले रजपूत. दोरांचा प्रसंग ठळकपणे भेटतो तो ग्रँट डफच्या 1826 मधल्या इतिहासात. तानाजी पडल्यावर मावळे जिथून चढले तिकडे पळू लागतात, तेव्हा राखीव लोक घेऊन आलेला सूर्याजी त्यांना अडवतो आणि दोर नाहीसे केले आहेत असे बजावतो. दोर खरोखर कापले गेले की पळणाऱ्यांना थोपवण्यासाठी सूर्याजी तसे बोलला, हे त्या मजकुरावरून ठरवता येत नाही. पुढे पोवाडे, कादंबऱ्या, शाळेतली नाटुकली यांतून कुऱ्हाड आली, दोरावर घाव पडला आणि वाक्प्रचार पक्का झाला.

सूर्याजीपुढची माणसे लढाईत होती. पळाली असती तर पाठीवर वार झेलत कड्यावरून खाली गेली असती. म्हणजे परतीची वाट त्या क्षणी चढाईपेक्षा अधिक घातक होती. रविवारी सुळक्यावर गेलेल्या माणसाची स्थिती नेमकी उलटी असते. त्याच्या पाठीवर कोणी नसते. सुळका शत्रूच्या ताब्यात नसतो आणि पुढच्या रविवारी तो तिथेच असणार असतो.

या कथेचा आधीचा अध्याय आपण सोडून देतो, ही मला मोठी वाङ्मयीन गैरसोय वाटते. कोंढाणा मुळात मोगलांकडे गेला कसा? जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला. महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा राखले. दिलेल्या तेविसांत कोंढाणा होता. ज्या किल्ल्यावरून ‘परतीचे दोर’ भाषेत आले, तो किल्ला साडेचार वर्षांपूर्वी एका हिशेबी माघारीत सोडलेला होता. पुरंदरला थांबले नसते तर 1670 मध्ये कडा चढायला माणसे उरली असती का, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारलेला आहे. गिर्यारोहणाच्या मराठी लेखकांनी मात्र सिंहगड उचलला आणि पुरंदर तिथेच ठेवला. पन्हाळ्याहून निसटणे, आग्र्याहून सुटणे ही आपली लाडकी आख्याने आहेत. ती निघून जाण्याचीच आहेत. पण त्यांच्यातून कड्यावर उपयोगी पडेल असा वाक्प्रचार काही जन्मला नाही. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आहे खरी, पण ती आपण भित्र्याला टोमणा मारायला वापरतो. बुराडी घाटावर 1760 मध्ये घायाळ दत्ताजी शिंदे ‘वाचलो तर आणखी लढू’ या अर्थाचे बोलल्याचे सांगताना आवाज चढतो तो ‘लढू’वर. ‘वाचलो तर’ ही अट ऐकूच येत नाही.

आता शब्दसंग्रह पाहा. डोंगरावर जाणाऱ्या गटाची ‘मोहीम’ असते. ती ‘चढाई’ करते, शिखर ‘सर’ करते, नाहीतर ‘पादाक्रांत’ करते. मोहीम ‘फत्ते’ होते. एव्हरेस्टवर जाऊन आलेला ‘एव्हरेस्टवीर’ होतो. शिखराखाली शंभर मीटरवरून सुखरूप परतलेल्याला काय म्हणायचे? शब्द नाही. बातमीत तो ‘माघार घेतो’, म्हणजे निवडणुकीतला उमेदवार अर्ज मागे घेतो तसा. ठरलेल्या वेळेला, जिथे असू तिथून मागे वळायचे या नियमालाही आपल्याकडे मराठी नाव नाही. गिर्यारोहक ‘कट-ऑफ टाइम’ म्हणतात. सह्याद्रीतले वाटाडे ‘उन्हं कलायच्या आत खाली’ म्हणतात, आणि मला ते अधिक आवडते. त्यात घड्याळ नाही, पण हुकूम आहे.

ही लढाऊ भाषा हिमालयातल्या मोठ्या उपक्रमांना एक वेळ शोभते. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. 2012 च्या मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण पोहोचले आणि 2019 मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगावर. या यशांमागे वर्षानुवर्षांची तयारी, हवामानाचा अभ्यास आणि तळावर बसून ‘आता खाली या’ असे सांगणारा नेता असतो. शुक्रवारच्या बसमध्ये यातले काही नसते. उरते ते ‘सर’ आणि ‘फत्ते’. ओळख ना पाळख अशी चाळीस माणसे, प्रत्येकाने आगाऊ भरलेले पैसे आणि सोमवारी कचेरीत दाखवायचा फोटो. ‘टार्गेट’ हा शब्द आठवडाभर कानावर असतोच, तो शनिवारी डोंगरावरही येतो.

मराठीत दुसरी धारा नव्हती असे मात्र नाही. गो. नी. दांडेकरांच्या पुस्तकांची नावे पाहा, ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’. प्र. के. घाणेकरांचे ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची’, आनंद पाळंद्यांचे ‘डोंगरयात्रा’. दर्शन, भ्रमण, भटकंती, यात्रा. यातल्या कोणत्याही शब्दाला हरणे ठाऊक नाही. दर्शन आज नाही झाले तर पुन्हा येऊ. भटकणाऱ्याची वाट चुकली तरी भटकंती झालेलीच असते. यात्रेत तर घरी परतणे हा यात्रेचाच भाग आहे. ‘भटकंती’ सोडून ‘मोहीम’ उचलल्यावर परतण्याची किंमत वाढली, असे मला या लेखनाच्या वाचनातून दिसते. सुळके दोराने चढण्याचा खेळ वेगळा आणि तो भटकंतीच्या शब्दांत मावत नाही, हे मान्य. पण मग त्या खेळासाठी नवे शब्द घडवायचे होते. आपण जुन्या लढाईतले उसने आणले.

हिरकणीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. आख्यायिकाच ती, पण मराठीतली बहुधा सर्वांत प्रसिद्ध कडा-कथा. आणि ती उतरण्याची आहे. रायगडाचे दरवाजे मिटल्यावर गवळण कड्यावरून उतरते, कारण घरी तान्हे मूल आहे. आपण तिच्यात मातृप्रेम वाचतो आणि थांबतो. त्यापुढचा तपशील मला जास्त बोलका वाटतो. महाराज तिचा सन्मान करतात आणि ती उतरली तिथे बुरूज बांधतात. कौतुक केले आणि वाट बंद केली! पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश काढणाऱ्या आजच्या जिल्हाधिकाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल. असो.

जगातल्या उत्तम लेखनालाही ही अडचण सुटलेली नाही. 9 जानेवारी 1909 रोजी शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून सुमारे 180 किलोमीटरवरून मागे फिरला आणि चौघेही जिवंत परतले. तरी ध्रुवाच्या गोष्टीत लोकांना आठवतात ते पोहोचून परतीत मेलेले स्कॉट आणि त्याचे सोबती. एव्हरेस्टवरच्या मे 1996 च्या दुर्घटनेवरचे जॉन क्राकॉरचे पुस्तक जगभर वाचले गेले. मागे वळण्याची वेळ दुपारी एक की दोन, हे त्या गटात पक्के ठरले नव्हते, आणि त्यांचा नेता रॉब हॉल चार वाजून गेल्यावरही एका सदस्यासाठी शिखराजवळ होता. दोघेही परतले नाहीत. त्याच गटातले तीन जण मात्र सकाळी साडेअकराच्या सुमारास रांगेतून बाजूला झाले आणि खाली गेले. पुस्तकातला सर्वांत योग्य निर्णय तो, पण वाचकाला त्या तिघांची नावे सांगता येत नाहीत. वादळात अडकलेल्यांची येतात.

याचे कारण लेखकाचे दुर्लक्ष एवढेच नाही. वेळीच वळलेल्या माणसाच्या गोष्टीत पुढे काही घडत नाही. तो बरोबर होता याचा पुरावाच निर्माण होत नाही. जो गेला आणि वाचला, त्याच्याकडे ‘थरार’ आहे. जो गेला आणि वाचला नाही, त्याच्यावर श्रद्धांजलीचा लेख येतो. इथे एक खुलासा हवा. प्रत्येक अपघात म्हणजे थांबायचे न कळणे नव्हे. जानेवारी 2020 मध्ये कोकणकड्याच्या परिसरात दोरावरून उतरण्याच्या मोहिमेत अरुण सावंत गेले. साठीतल्या इतक्या अनुभवी माणसाबद्दल घरी बसून निवाडा देणे मला अशोभनीय वाटते. कड्याला स्वतःचीही काही बाजू असते. माझा आक्षेप लेखनावर आहे. ते थरार आणि श्रद्धांजली या दोनच खणांत गोष्टी ठेवते.

अनुभव आणि ओळखीचा डोंगर यांचे नाते मात्र तपासण्यासारखे आहे. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने हिमकडे कोसळून झालेल्या 715 अपघातांच्या नोंदी तपासल्या. धोका न दिसल्यापेक्षा दिसूनही पुढे गेल्याचे त्याला वारंवार आढळले. जागा ओळखीची असणे, आधीच ठरलेला बेत, दुसरा गट पुढे गेलेला दिसणे, अशी त्याने दाखवलेली कारणे आहेत. बर्फ काढून टाकले तर हे वर्णन आपल्या ‘दहा वेळा केलाय हा किल्ला’ला लागू पडते.

माझ्या गावात, म्हणजे कचेऱ्यांच्या काचेआड उरलेल्या मूळ हिंजवडीत, चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा भरते. गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचून बगाड हिंजवडीहून वाकडला नेतात. या प्रथेचे समर्थन इथे करायचे नाही. मला त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे. बगाड कुठून निघणार, कोणत्या वाटेने जाणार आणि कुठे थांबणार हे गळकरी अंगात जोश असताना ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते आणि सगळ्या गावाला ठाऊक असते. बगाडात असो, कड्यावर असो, थांबण्याचा निर्णय जोखीम घेणाऱ्याच्या त्या क्षणीच्या मनावर सोडायचा नसतो. आपले गिर्यारोहण-लेखन याच्या नेमके उलट सांगते. त्यातला नायक कड्याच्या टोकावर, एकट्याने, छातीत धडधड होत असताना निर्णय घेतो. वाक्य छान होते.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा, पेशाने संगणक अभियंता, तैलबैल्याच्या भिंतीवरून मागे फिरला होता. मी त्याला त्यावर लिहायला सांगितले. “काका, लिहिण्यासारखं काही नाहीये. झालंच नाही ना ते,” तो म्हणाला. ‘झालंच नाही’ हे शब्द मी टिपून ठेवले. दोन महिने मागे लागलो तेव्हा त्याने अडीच पाने आणून दिली. भाषा ओबडधोबड आहे, पण मला हव्या त्या गोष्टी त्या पानांत आहेत. निघायला किती उशीर झाला, पाणी किती उरले होते, कातळ केव्हापासून हाताला चटकू लागला. वरच्या कपारीत आग्या मोहोळ दिसले, आणि गटातल्या एकाने सकाळी अत्तर फवारल्याचे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आले. “चला रे, उतरू,” असे आधी म्हणाली ती गटात पहिल्यांदाच आलेली मुलगी. म्होरक्याने तिचे ऐकले, वाद घातला नाही. का घातला नाही, तेही लिहिले आहे. खाली गावात निघतानाच ठरले होते की एकानेही ‘उतरू’ म्हटले तर उतरायचे, कारण विचारायचे नाही.

शेवटचा परिच्छेद चार ओळींचा आहे. तळाशी आल्यावर त्यांनी उरलेले पाणी वाटून प्यायले आणि वर पाहिले. त्यांच्या मागून आलेला दुसरा गट त्याच वाटेने चढत होता. तो गट संध्याकाळी गावात चहाला भेटला, सगळे धडधाकट. मोहोळ हललेच नव्हते. हे वाक्य काढू का, असे त्याने मला विचारले, कारण त्यामुळे आपण वेडे ठरतो असे त्याला वाटत होते. मी ते ठेवायला सांगितले.