चार उपदाढा आणि शिक्षकांची वाढ

मी तेरा वर्षांचा असताना माझ्या चार उपदाढा काढण्यात आल्या. त्यांना कीड लागलेली नव्हती. चारही दात अगदी निरोगी होते. पुढचे दात एकमेकांवर चढले होते, त्यांना रांगेत बसवायला जागा हवी होती, म्हणून हे चार दात काढायचे, असे दंतवैद्यांनी वडिलांना समजावून सांगितले. त्यानंतर दोन वर्षे तारा लावल्या आणि दात सुरेख रांगेत आले. आज पंचेचाळिशीत आरशात पाहतो, तेव्हा खालचे पटाशीचे दात पुन्हा थोडेसे वाकडे झालेले दिसतात. कुणाचा दोष दाखवावा म्हणून हे सांगत नाही. पुढे धातुविज्ञानात संशोधन करताना दातांच्या तारांसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूशी माझा संबंध आला आणि त्या निमित्ताने या शास्त्राच्या इतिहासात डोकावलो. तेव्हा एक प्रश्न मनात आला. माझ्या दंतवैद्यांना हा निर्णय कुणी शिकवला? आणि शिकवणाऱ्याला कुणी शिकवला?

शिक्षकांच्या व्यावसायिक वाढीबद्दल आपण बरेच ऐकतो. किती प्रशिक्षणे झाली, किती संघटनांचे सदस्यत्व आहे, किती निबंध वाचले, यावरून ती मोजली जाते. वेडेवाकडे दात रांगेत आणण्याचे शास्त्र, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स, शिकवणाऱ्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही मोजपट्टी फारच अपुरी आहे असे दिसते. शाळा, संघटना, नियतकालिके सगळे काही असूनही शिक्षक जागच्या जागी राहू शकतो, आणि त्याची किंमत मुले मोजतात.

एक ग्रंथ, एक शाळा, एक कवटी

या शास्त्राचा पाया घालणारे शिक्षक म्हणजे अमेरिकेतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०). त्यांच्या ग्रंथाची सातवी आवृत्ती १९०७ साली निघाली. तिचे गुण आधी सांगायला हवेत. अँगल यांच्यापूर्वी वाकड्या दातांचे वर्णन प्रत्येक जण आपापल्या शब्दांत करी. १८९९ साली त्यांनी एक साधी खूण ठरवून दिली. वरच्या पहिल्या कायम दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत बसतो की नाही, ते पाहायचे. बसत असेल आणि तरीही दात वाकडे असतील तर पहिला वर्ग, खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा, पुढे आली असेल तर तिसरा. ही वर्गवारी आजही जगभर शिकवली जाते. चांगला शिक्षक आपल्या विषयाला सामाईक भाषा देतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१९०० साली त्यांनी सेंट लुईस येथे या एकाच विषयाची शाळा काढली. त्याच सुमारास अमेरिकेतील तज्ज्ञांची संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या नावाचे नियतकालिक त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाले आणि ते अजून निघते. व्यवसायासाठी एका माणसाने याहून अधिक काय करावे?

पण याच शिकवणुकीत एक आग्रह होता. माणसाला बत्तीस दात मिळाले आहेत, ते सर्व राखलेच पाहिजेत आणि योग्य जागी बसवलेच पाहिजेत. मग चेहरा आणि जबडा आपोआप जुळून येतील. या आग्रहामागे विज्ञान होते. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर सतत हलका दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि विरुद्ध बाजूला नवे तयार होते. म्हणून दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकू शकतो. हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक वोल्फ यांनी १८९२ साली मांडले होते. अँगल यांनी त्यापुढे एक उडी घेतली. दात बाहेरच्या बाजूला सरकवून रांग रुंद केली, तर चावण्याच्या भाराने त्यांच्याभोवती नवे हाड वाढेल आणि दात तेथेच टिकतील, असे त्यांनी मानले.

पहिले विधान निरीक्षणाचे आहे, दुसरे अनुमान आहे. अडचण अशी, की शिकवताना दोन्ही एकाच आवाजात सांगितली गेली. आदर्श म्हणून ग्रंथात एक कवटी आहे. तिचे सर्व दात इतके नीटस आहेत, की तिला ‘ओल्ड ग्लोरी’ असे लाडके नाव मिळाले. पण असंख्य कवट्यांतून निवडलेली एक सुंदर कवटी एवढेच सांगते, की असे होऊ शकते. प्रत्येकाच्या तोंडात असेच व्हावे, हे ती कसे सांगणार?

आणखी एक प्रसंग उद्बोधक आहे. सुंदर चेहऱ्याचा नियम शोधताना अँगल यांनी वुर्पेल या चित्रकलेच्या शिक्षकांचा सल्ला घेतला. माणसांच्या चेहऱ्यांत इतकी विविधता असते, की एकच आदर्श सांगता येणार नाही, असे वुर्पेल यांचे मत पडले. अँगल यांनी ते मानले, आणि त्यावरून असा निष्कर्ष काढला की मग चेहऱ्याची चिंताच नको. दात नीट जुळले म्हणजे ज्याचा त्याचा चेहरा शोभेलच. दुसऱ्या क्षेत्रातील शिक्षकाकडे जाण्याची तयारी कौतुकास्पद आहे. पण तेथून परत येताना त्यांनी आपलेच जुने उत्तर बरोबर आणले.

जिंकलेला वाद

१९११ साली कॅल्व्हिन केस यांनी दंतवैद्यांच्या राष्ट्रीय सभेत या आग्रहाला आव्हान दिले. मोजक्या रुग्णांत दात काढल्याशिवाय चेहरा सुधारत नाही आणि दात टिकतही नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. अँगल यांचे विद्यार्थी मार्टिन ड्यूई यांनी कडाडून विरोध केला. सभेचा कौल अँगल यांच्या पक्षाकडे झुकला आणि पुढची पंचवीस वर्षे दात न काढण्याचाच पाठ चालला. त्यानंतर अर्धशतकाने, १९६४ साली, अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्सने तो सारा वाद पुन्हा छापला. हरलेल्या पक्षाचे म्हणणे नव्या पिढीच्या शिक्षकांनी मुळातून वाचावे अशी गरज वाटणे, हेही वाढीचेच लक्षण.

तो वाद निकालात का निघाला नाही? दोन्ही बाजूंकडे उदाहरणे होती. पण उपचार संपून दहा वर्षे झालेल्या सर्व रुग्णांची, चांगल्या आणि वाईट, एकत्र नोंद कुणाकडेही नव्हती. ज्याचे वक्तृत्व आणि ज्याची शिष्यशाखा मोठी, त्याचे शास्त्र खरे ठरले.

शंभर रुग्णांची कबुली

खरा धक्का बसला तो घरातूनच. ॲरिझोनाचे चार्ल्स ट्वीड हे अँगल यांच्या अखेरच्या काळातील लाडके विद्यार्थी. या शास्त्राला स्वतंत्र व्यवसाय म्हणून कायद्याची मान्यता मिळावी यासाठी त्यांनी खटपट केली आणि १९२९ साली ॲरिझोनात तसा कायदा झाला. गुरूंनी १९२५ साली मांडलेले ‘एजवाइज’ तंत्र, म्हणजे चौकोनी छेदाच्या तारेने दात तिन्ही दिशांना वळवण्याची पद्धत, ते निष्ठेने वापरत, आणि एकही दात न काढता. साडेसहा वर्षांनी त्यांना स्वतःचेच काम पसवेना. कितीतरी मुलांचे दात पुन्हा वाकडे होत होते आणि ओठ पुढे आलेले दिसत होते.

यावर ट्वीड यांनी आपल्या जुन्या रुग्णांचे प्लास्टरचे नमुने आणि छायाचित्रे बाहेर काढली, आणि यशस्वी व अयशस्वी असे दोन गट केले. चांगल्या दिसणाऱ्या चेहऱ्यांत खालचे पटाशीचे दात जबड्याच्या हाडावर ताठ उभे असतात, असे त्यांच्या लक्षात आले. मग अयशस्वी रुग्णांना पुन्हा बोलावून, चार उपदाढा काढून, एक पैसाही न घेता त्यांनी पुन्हा उपचार केले. १९३६ साली त्यांनी यावर पहिला निबंध वाचला. गुरुबंधूंनी त्याचे स्वागत थंडपणे केले. मात्र १९४० साली त्यांनी आधी दात न काढता आणि नंतर दात काढून उपचार केलेल्या शंभर रुग्णांच्या नोंदी सर्वांसमोर मांडल्या, तेव्हा दुर्लक्ष करणे कठीण झाले. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे अँगल यांचेच दुसरे विद्यार्थी रेमंड बेग हेही स्वतंत्रपणे दात काढण्याकडे वळले होते.

आपल्या अपयशाचे प्रदर्शन भरवणारा शिक्षक दुर्मीळच. तरीही संशोधक म्हणून मला ट्वीड यांच्या पुराव्यावर आक्षेप घ्यावा लागतो. पुन्हा उपचार झाले तेव्हा मुले मोठी झाली होती आणि ट्वीड यांचा हातही अधिक सरावला होता. फरक दात काढल्याने पडला, की वयाने, की कौशल्याने? शिवाय निवडलेले रुग्ण अयशस्वीच होते. त्यावरून सरसकट सर्व मुलांसाठी नियम काढता येत नाही. ट्वीड यांनी प्रश्न उघडला होता. शिष्यांनी त्याचे उत्तर करून टाकले.

लोलक

पुढे काय झाले ते आकड्यांत उपलब्ध आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शिक्षण-रुग्णालयातील चाळीस वर्षांच्या नोंदी विल्यम प्रॉफिट यांनी १९९४ साली प्रसिद्ध केल्या. दात काढून उपचार केलेल्या रुग्णांचे प्रमाण १९५३ साली ३० टक्के होते, १९६८ साली ७६ टक्के झाले आणि १९९३ साली पुन्हा २८ टक्क्यांवर आले. पंधरा वर्षांत मुलांचे जबडे इतके आखूड झाले नव्हते, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते पुन्हा लांबलेही नाहीत. काही बदल नव्या साधनांमुळे झाला असेल. तरी जबडे तेच आणि निर्णय वेगळे, याचा मोठा अर्थ असा की मधल्या काळात बदलली होती ती शिक्षकांची मते.

मते बदलण्याचे एक कारण सिॲटलहून आले. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या आणि दात धरून ठेवणारी साधने काढून किमान दहा वर्षे झालेल्या ६५ रुग्णांची तपासणी १९८१ साली प्रसिद्ध केली. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत खालचे पुढचे दात पुन्हा असमाधानकारक रीतीने दाटले होते. म्हणजे दात काढले की ते टिकतात, ही समजूतही टिकली नाही. माझा आरसा मला सांगतो तो एकट्या माझा अनुभव नाही, हे तेव्हा कळले.

प्रॉफिट, लिटल हे विद्यापीठातले शिक्षक, आणि ट्वीड यांनीही पुढे आयुष्यभर इतरांना शिकवले. तिघांनी केले ते काम मुळात एकच होते: कपाटात ठेवलेले जुने काम पुन्हा टेबलावर आणणे. नॉर्थ कॅरोलिनातील शिक्षक पुढे आणखी एक पायरी चढले. पुढे आलेल्या दातांवर लहानपणीच उपचार सुरू करावेत की वाढीच्या वयापर्यंत थांबावे, हे ठरवण्यासाठी त्यांनी मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली. शेवटी दोन्ही गटांच्या दातांत फारसा फरक राहिला नाही. ‘मला माहीत नाही, चला तपासू’ असे विद्यार्थ्यांसमोर म्हणण्याची तयारी असल्याशिवाय असा प्रयोग होत नाही.

आपल्याकडे इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ साली स्थापन झाली. जबड्याच्या क्ष-किरण चित्रावरून मोजमापे घेण्याची १९४८ सालची डाउन्स यांची प्रसिद्ध पद्धत अवघ्या वीस गोऱ्या अमेरिकन मुलामुलींवर आधारलेली होती. नंदा यांनी १९६९ साली उत्तर भारतीयांची अशी मोजमापे प्रसिद्ध केली. परक्या चेहऱ्याचा नियम आपल्या मुलांना लावण्यापूर्वी तो तपासून पाहावा, हे मला कोणत्याही सदस्यत्वापेक्षा मोलाचे वाटते.

आपल्या वर्गापुरते

संघटना आणि परिषदा नकोत, असा याचा अर्थ नाही. परिषदेचे व्यासपीठ नसते तर केस यांचा वाद छापला गेला नसता आणि ट्वीड यांना शंभर नोंदी दाखवायला जागा मिळाली नसती. प्रश्न एवढाच, की त्या व्यासपीठावर आपले अपयश मांडणाऱ्याला जागा आहे का? आपल्या तालुक्याच्या शिक्षक-मेळाव्यात ‘माझा यशस्वी उपक्रम’ या विषयावर स्पर्धा असते. ‘माझा फसलेला पाठ’ या विषयावर मी अजून पाहिलेली नाही.

शाळेतील शिक्षकांना दहा वर्षे थांबण्याची गरज नाही. सातवीत आपण शिकवलेला एखादा घटक घ्या, समजा घनता. त्याच मुलांना दहावीत, आधी न सांगता, त्यावर दोन साधे प्रश्न विचारा: लोखंडी खिळा बुडतो आणि लोखंडी जहाज तरंगते ते का, बटाट्याचे दोन तुकडे केले तर घनता बदलते का? सर्व उत्तरे ठेवा. चांगली निवडू नका. जमल्यास दुसऱ्या शाळेतील सहकाऱ्याकडून तपासून घ्या, कारण आपली चूक आपल्याला प्रेमळ दिसते. आणि जे निघेल ते पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा.

माझ्या उपदाढा काढायला नको होत्या, असे मी आज म्हणू शकत नाही. त्या काढल्या नसत्या तर काय झाले असते हे माझ्या एकट्याच्या तोंडावरून कळणार नाही. मात्र त्या दंतवैद्यांनी तीस वर्षांनी मला बोलावून माझे दात पाहिले असते, तर त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला त्यांच्याजवळ काहीतरी नवे नक्कीच असते.