अतिशीत उपकरणांतील प्लास्टिक-पटल : गुणदोषविचार

१९०८ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, तेव्हा शीतपात्रे काचेची होती. पुढे त्यांची जागा बहुतांशी धातूने घेतली. १९६० नंतरच्या दशकात आलेल्या कॅप्टॉन या पॉलिइमाइड पटलाने तिसरा पर्याय पुढे ठेवला. ४.२ केल्विन तपमानासही ते लवचिक राहते, उष्णता अल्प वाहते, आणि बदलत्या चुंबकक्षेत्रात त्यात भोवरप्रवाह उत्पन्न होत नाहीत. एपॉक्सी राळेने थरावर थर गुंडाळून त्याची पातळ नळी करता येते.

एवढ्यावरून धातू निरुपयोगी झाला असे मानणे मात्र युक्त नव्हे. खरी कसोटी सांध्याची आहे. सामान्य तपमानापासून ४ केल्विनपर्यंत निव्वळ एपॉक्सी शेकडा एकाहून अधिक आकसते, तर पोलाद सुमारे ०.३ टक्केच. म्हणून सांधा धातूच्या कड्यावर बाहेरून बसवावा, म्हणजे आकुंचनाने तो आवळला जातो. आतून बसविल्यास सुटू पाहतो.

परीक्षेची नेहमीची रीतही येथे फसवी ठरते. सामान्य तपमानास हेलियम पटलातूनच झिरपतो, थंडीत हे झिरपणे जवळजवळ थांबते; उलट सांध्याची चीर थंडीतच उघडते. अर्थात उष्ण परीक्षेत निर्दोष भाग टाकला जाण्याचा व सदोष भाग स्वीकारला जाण्याचा संभव राहतो. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विन तपमानास वारंवार बुडवून केलेली परीक्षाच अधिक विश्वसनीय होय, कारण आकुंचनाचा बराचसा भाग तोवर घडून गेलेला असतो.

सारांश, चुंबकक्षेत्रातील नमुनाकोशास हे पटल उत्तम. उष्ण हेलियमपासून निर्वात राखणाऱ्या भिंतीस ते अयोग्य.